दोनदा नको म्हणणारी भुतं

चांगल्या वागणुकीच्या बाबतीत आख्ख्या भिलाईत माझा हात धरणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. गर्व म्हणून नाही, माहिती म्हणून! चौतीस वर्षं मी प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये काढली. धगधगत्या भट्टीसमोर उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या माणसालाही मी "नमस्कार, कसे आहात? घरी सगळे ठीक? मग हेल्मेट घालता का जरा?" असंच विचारायचो. टेंभेकर साहेब ओरडत नाहीत, पण त्यांचं बोलणं संपेपर्यंत माणूस कंटाळून हेल्मेट घालतो, असं लोक म्हणायचे. मी याला प्रशस्तिपत्र समजतो.

तेव्हा यंदाच्या हॅलोविनला आमच्या स्ट्रीटवर जो काही गोंधळ झाला, तो म्हणे नरहरी टेंभेकरांमुळे झाला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. निदान माझं ऐकून होईपर्यंत तरी ठेवू नका!

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको प्रेमला, लीजवर घेतलेल्या क्वार्टरात निवांत होतो. यंदा जुलैत मुलगा अभिनव राउरकेल्याहून बदली होऊन इथल्याच प्लांटात आला. बरोबर सूनबाई गीतांजली आणि आठ वर्षांची नात समृद्धी. आमचा आनंद गगनात मावेना! पण समृद्धीचं तोंड उतरलेलंच. तीन महिने झाले तरी स्ट्रीटवरची पोरं तिला खेळायला घेत नव्हती. रोज संध्याकाळी ती फाटकाला लटकून त्यांचा खेळ बघायची आणि मी व्हरांड्यातून तिला बघायचो. मी तिच्याशी लुडो खेळून बघितला, मुद्दाम हरूनही बघितलं, पण आजोबाला हरवण्यात कोणाला गंमत वाटणार?

या पोरांची पुढारी होती टीना. वय अकरा आणि आवाज असा, की शिफ्टचा भोंगा बंद पडला तर हिला उभं करावं! तिच्यामागे तिची सावली हर्षा, आणि हर्षाच्या मागे तिचा पाच वर्षांचा भाऊ पीयूष, ज्याचं नाक बाराही महिने वाहतं. या तिघांच्या गँगमध्ये चौथीला जागा नव्हती. टीना समृद्धीला नावानं हाकही मारत नसे. "ए नई लडकी!" एवढंच.

आणि ऑक्टोबरच्या मध्यावर एक दिवस समृद्धी धावत आली. "आबा! टीना दीदी मला गँगमध्ये घेणार आहे! फक्त तुम्ही एक काम करा!"

"शंभर करतो! बोल!"

"स्ट्रीटवर हॅलोविनची परमिशन मिळवून द्या. मी दीदीला सांगितलं, माझे आबा खूप मोठे साहेब होते."

हे हॅलोविन प्रकरण मला गेल्या वर्षी कळलं होतं. भुताखेताचे कपडे घालायचे, हातात प्लास्टिकचा भोपळा घ्यायचा, दारोदार बेल वाजवायची आणि "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणायचं. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोड काढू! गेल्या वर्षी पोरांनी खाऊही घेतला आणि खोडही काढली. दुपारी झोपलेल्या माणसांच्या बेला वाजवल्या, कुंड्या इकडच्या तिकडे केल्या आणि दयाराम साहूंच्या स्कूटरच्या सीटवर आख्खी ट्यूब टूथपेस्ट फासली. बिचारे साहूजी तसेच सेकंड शिफ्टला गेले! तेव्हापासून स्ट्रीटवर हॅलोविन बंद.

मी त्याच संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांना स्ट्रीटवरच्या कडुलिंबाखाली जमवलं.

"टेंभेकर साहब, आप तो रहने ही दो!" साहूजी भडकले. "आठ घंटे ड्यूटी किया मैं. सब पीछे से हँसते रहे. मेरे को घर आके पता चला!"

"साहूजी, पोरांचा काय दोष? त्यांना कोणी शिकवलंच नाही!" हे मी अर्थात हिंदीत म्हणालो. "इस साल मैं खुद ट्रेनिंग दूँगा. एक भी बच्चा बदतमीजी करे, तो हॅलोविन हमेशा के लिए बंद. मेरी गारंटी!"

चौतीस वर्षांत मी कशाचीच गारंटी दिली नव्हती. लोक इतके चकित झाले, की परवानगी मिळून गेली.

टीनानं निर्णय ऐकला, समृद्धीकडे बघितलं आणि सांगितलं, "हॅलोविन अच्छा गया तो तू गँग में. खराब गया तो कल से अपने दादाजी के साथ खेलना." समृद्धीनं मान डोलावली. त्या रात्री तिला आनंदानं झोप लागेना, आणि मला जबाबदारीनं.

ट्रेनिंग आमच्या व्हरांड्यात सुरू झालं. प्लांटात शिफ्टच्या आधी सेफ्टीचं भाषण असतं ना, तसंच. चारही पोरं स्टुलांवर ओळीनं बसवली.

"पहिली गोष्ट, ट्रिक ऑर ट्रीट म्हणायचं नाही! कोणाच्या दारात उभं राहून धमकी देता? त्याऐवजी म्हणायचं, नमस्ते, आपको तकलीफ न हो तो क्या हम आ जाएँ?"

"भूत ऐसे बोलता है?" टीनानं विचारलं.

"चांगल्या घरचं भूत असंच बोलतं!"

मग बाकीचं शिकवलं. बेल एकदाच वाजवायची आणि वीसपर्यंत मोजायचं. चपला बाहेर, जोडीनं, भिंतीला लावून. मोठ्यांच्या पाया पडायचं. प्रकृती विचारायची. आणि मग मी माझ्या ट्रेनिंगच्या मुकुटमण्याकडे आलो.

"खाऊ पुढे आला की लगेच हात घालायचा नाही! पहिल्यांदा म्हणायचं, नको. ते पुन्हा म्हणतील, घ्या. पुन्हा म्हणायचं, नको, आत्ताच जेवून आलो. तिसऱ्यांदा आग्रह झाला की लाजायचं आणि म्हणायचं, बरं, एकच!"

पोरांची चुळबुळ थांबली. पीयूषचं नाकसुद्धा वाहायचं थांबलं.

"दादाजी," टीना म्हणाली, "ना बोलेंगे तो कोई देगा ही क्यों?"

"देतील! बेटा, आग्रह करणं हे घरवाल्याचं काम, नको म्हणणं हे पाहुण्याचं. आमच्या भंडारा जिल्ह्याकडे तर पाच वेळा नको म्हणतात. तुमच्यासाठी मी दोनवर आणलंय!"

आतून प्रेमला कणीक तिंबता तिंबता बाहेर आली. "अहो, हे भुतं होत का नवरदेवाकडचे व्याही? पोरायले सरळ घेऊ द्या ना खाऊ!"

"तू यात पडू नकोस. गारंटी माझी आहे."

"म्हणूनच तं भीती वाटून राहिली!"

मी लक्ष दिलं नाही. शेवटी चौघांनाही उजवा हात पुढे करून शपथ घ्यायला लावली: दोनदा नको म्हटल्याशिवाय काहीही घेणार नाही!

एकतीस ऑक्टोबर. दिवाळी होऊन दहा दिवस झालेले. संध्याकाळी सहाला भुतं तयार झाली. सुपेल्याच्या बाजारातून आणलेले चार भोपळे, टीना कुंकवाचं रक्त लावलेली व्हँपायर, हर्षा हाडांचा सापळा, समृद्धी टोकदार टोपीची चेटकीण, आणि पीयूष पांढऱ्या चादरीचं भूत. चादरीला भोकं पाडली होती, पण ती त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे त्याला धरून न्यावं लागे. मी देखरेखीसाठी दहा पावलं मागे चालणार होतो.

पहिलं घर रिटायर्ड टीचर शैला मॅडमचं. मी मेंदीच्या कुंपणाआड उभा राहिलो. बेल एकदाच! वीसपर्यंत मोजणं! चपला जोडीनं! माझा ऊर भरून आला. दार उघडलं, चारही भुतं वाकली, पीयूषचं डोकं कुंडीवर आपटलं, पण त्यानं तसंच मॅडमऐवजी कुंडीच्या पाया पडून घेतलं.

शैला मॅडम तर गहिवरल्या! "अरे वाह! आओ, आओ! ये लो चॉकलेट!" भरलेला ट्रे पुढे आला.

"नहीं आंटी," चौघं एका सुरात म्हणाली.

"नहीं?" मॅडमनी डोळे मोठे केले. "व्हेरी गुड! दाँत खराब होते हैं. मैं जिंदगीभर स्कूल में यही समझाती रही. आज किसी ने तो सुना!" त्यांनी चौघांच्या पाठी थोपटल्या आणि ट्रे आत नेला. दार लागलं.

पोरांनी माझ्याकडे बघितलं. "एकच घर आहे," मी कुंपणाआडून कुजबुजलो. "पुढे चला!"

दुसरं घर राव साहेबांचं. हा माणूस क्वालिटी कंट्रोलमधला. लग्नात जिलबी वाढली तरी आधी प्रकाशात धरून बघतो! त्यांनी चॉकलेटचा डबा पुढे केला.

"नहीं अंकल."

राव साहेबांचा हात थांबला. "क्यों नहीं?"

आता या प्रश्नाचं उत्तर मी शिकवलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"किसी ने मना किया है?"

पीयूष चादरीतून खरं बोलला, "हाँ."

"किसने? क्यों? चॉकलेट में कुछ है क्या?" राव साहेबांनी चॉकलेट उलटंपालटं केलं, तारीख वाचली, वास घेतला. आणि विचारमग्न होऊन डबा घेऊन आत गेले. दार लागलं.

तिसऱ्या घरी बाईंनी "नहीं" ऐकताच पोरांच्या कपाळांना हात लावला. "पेट खराब है क्या बेटा? दिवाली में बहुत मिठाई खा लिए होगे. रुको, अजवाइन देती हूँ!"

"नहीं आंटी."

"अरे लो!"

"नहीं आंटी, सच में नहीं."

"लेना ही पडेगा! मुँह खोलो!"

म्हणजे बघा, आख्ख्या स्ट्रीटवर तिसऱ्यांदा आग्रह झाला तो ओव्याचा! प्रत्येकाच्या तोंडात एक एक चमचा ओवा गेला, आणि भुतं ठसकत रस्त्यावर आली.

एवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. स्ट्रीटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राव साहेबांचा मेसेज होता: "बच्चे चॉकलेट नहीं ले रहे हैं. टेंभेकर साहब, आप सेफ्टी वाले हैं. बताइए, चॉकलेट सेफ है या नहीं?"

आता तुम्हीच सांगा, रिटायर झाल्यावर तीन वर्षांनी कोणीतरी पहिल्यांदा मला ऑफिशियल प्रश्न विचारला होता! मी तिथेच ताठ झालो. चौतीस वर्षांत मी कुठल्याही कागदावर तपासणीशिवाय "सेफ" असं लिहिलं नाही. शिडीवर नाही, क्रेनवर नाही, मग चॉकलेटवर कसं लिहीन? मी टाइप केलं: "जाँच होने तक सावधानी बरतें." आणि फोन खिशात टाकला. त्यानंतर तो एकसारखा गुरगुरत राहिला. लोक धन्यवाद देत असतील, म्हणून मी बघितलंच नाही.

इकडे पीयूष चादरीत रडू लागला होता. हर्षा त्याला थोपटत होती. टीनानं चारही भोपळे पालथे करून मला दाखवले. आत हवा होती.

"ये सब तेरे दादाजी की वजह से," ती समृद्धीला म्हणाली.

समृद्धीनं टोकदार टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही घरी जाऊन बसा ना."

तुम्हाला सांगतो, कोक ओव्हनच्या भट्टीची धग मी सोसली आहे, पण हे वाक्य सोसवेना. ही पोरगी उद्यापासून पुन्हा फाटकाला लटकणार, आणि तिला लटकवणारा मी! मी तिथल्या तिथे नियम रद्द केला. "ऐका! शपथ संपली! आता पुढे आलं की पहिल्याच झटक्यात घ्यायचं! नको म्हणायचंच नाही!"

पोरांचे चेहरे फुलले. ती चौथ्या दाराकडे धावली. पण दारात उभे असलेले गृहस्थ रिकामे हात हलवत म्हणाले, "सॉरी बेटा, आज चॉकलेट नहीं. टेंभेकर साहब ने मना किया है."

पाचव्या घरी, "टेंभेकर साहब ने मना किया है ना?"

सहाव्या घरी तर दारही उघडलं नाही, खिडकीतूनच आवाज आला, "टेंभेकर साहब से पूछो!"

चारही भुतं गर्रकन वळली. दहा पावलांवर टेंभेकर साहेब उभे होते.

"दादाजी," टीनाचा भोंगा आता वाजतच नव्हता, ती अगदी हळू बोलत होती आणि तेच जास्त भयानक होतं. "आपने मना किया?"

मी घशातल्या घशात "जाँच... सावधानी..." असं काहीतरी म्हणालो. त्याचा उपयोग झाला नाही.

सातवं घर दयाराम साहूंचं. स्कूटर ताडपत्रीत गुंडाळून दोरीनं बांधलेली, आणि शेजारी खुर्ची टाकून खुद्द साहूजी, मांडीवर काठी! टीना थबकली. गेल्या वर्षीची टूथपेस्ट तिचीच होती. पण आता मागे फिरणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती पुढे झाली, चपला भिंतीला लावून काढल्या आणि एकदम साहूजींच्या पायांवर वाकली. "नमस्ते अंकल. पिछले साल के लिए सॉरी. आपकी तबीयत कैसी है?"

साहूजींची काठी मांडीवरून खाली पडली. मग चारही रिकामे भोपळे बघून त्यांचा चेहरा बदलला.

"कोनो कुछु नइ दिस?" कोणीच काही दिलं नाही का, असं आपल्या छत्तीसगढीत विचारत ते उठले. "हमर डाहर छेरछेरा मा लइका मन दुआर मा आथें, त खाली हाथ नइ भेजन. पाप लगथे! फेर छेरछेरा तो पूस मा होथे, तुमन अब्बड जल्दी आ गेव!"

चॉकलेट तर टेंभेकर साहेबांनी बंद करून टाकलेलं! पण व्हरांड्यात अहिवाऱ्याकडच्या त्यांच्या शेतावरून आलेलं नव्या धानाचं पोतं होतं. साहूजींनी सूप भरलं आणि चारही भोपळ्यांत खळखळ धान ओतलं. पौषातल्या छेरछेऱ्याच्या सणाला दारी आलेल्या पोरांना जसं धान देतात, अगदी तसंच, दोन्ही हातांनी. पोरांनी नियम रद्द झाल्यामुळे पहिल्याच झटक्यात घेतलं आणि मग आत वाकून बघितलं.

"ये तो छिलके वाला चावल है," हर्षा म्हणाली.

"खाएँगे कैसे?" पीयूषनं विचारलं.

"मशीन में देके," टीनानं दात ओठ खात सांगितलं.

आता एकच घर उरलं होतं, देवाजी आणि मनकर्णाबाईंचं. देवाजी कोक ओव्हनमधून रिटायर झालेले, दोघंही आमच्याच भंडाऱ्याकडचे. त्यांच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप नाही, त्यामुळे माझी सावधानी तिथे पोहोचलीच नव्हती! दार उघडलं आणि मनकर्णाबाईंनी अनारसे, करंज्या आणि शेवेनं भरलेलं ताट पुढे केलं. "या रे पोट्टेहो! घ्या..."

घ्या हा शब्द पुरा व्हायच्या आत आठ हात ताटावर पडले! टीनानं करंज्या उचलल्या, हर्षानं अनारसे, पीयूषनं न दिसता जे लागलं ते. ताट मिनिटभरात स्वच्छ.

मनकर्णाबाई ताट धरून तशाच उभ्या. "अगं बाई! कोनाचे पोट्टे होत हे? एकानं बी एकदा नको नाही म्हटलं! अवो, पाहा तं जरा!"

देवाजींनी आतून विचारलं, "काय झालं?"

"पोट्टे ओरबाडून राहिले! टेंभेकर भाऊजी तं सांगत होते, मी सगळं शिकवलं! उद्या सांगते मी सगळ्यायले, काई शिकवलं नाही म्हणून!"

मी कुंपणाआड कपाळाला हात लावला. जिथे माझा नियम शंभर टक्के लागू पडला असता, त्या एकुलत्या एक घरी मी तो रद्द करून पाठवलं होतं! आता ही तक्रार कडुलिंबाखाली गेली की हॅलोविन कायमचं बंद, आणि समृद्धीची गँगही कायमची बंद. मी बाहेर येऊन माफी मागणार, तेवढ्यात चेटकीण पुढे झाली.

"सब वापस रखो," समृद्धी म्हणाली. "बाहर चलो. फिर से करेंगे."

"क्यों?" टीनानं करंजी पाठीमागे लपवली.

"इधर वाला रूल अलग है. दो बार ना, तीसरी बार हाँ. ये लोग हमारे जैसे हैं. मेरी आजी भी ऐसा ही करती है."

टीनानं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग करंजी ताटात परत गेली. अनारसेही गेले. पीयूषच्या तोंडातलं तेवढं आतच राहिलं. पोरं बाहेर गेली, मनकर्णाबाईंनी गोंधळून दार लावलं. बेल एकदाच वाजली. वीसपर्यंत मोजलं गेलं. दार पुन्हा उघडलं.

"नमस्कार आजी, बरं आहे ना तुम्हाला? गुडघे दुखतात का अजून?" समृद्धी वाकली. मागे तिघं वाकली.

मनकर्णाबाईंच्या सुरकुत्या हलल्या. "आता बरं हाय बाई. घे, अनारसा घे."

"नको आजी. आत्ताच जेवून आलो."

"जेवून आली तं काय झालं? अनारशाले काय पोटात जागा लागते? घे!"

"नको आजी, खरंच नको."

"नको कावून? माह्या गळ्याची शपथ हाय तुले!"

समृद्धीनं मान खाली घातली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि अगदी माझ्या स्वप्नात म्हणतात तसं म्हणाली, "बरं. एकच."

झालं! मनकर्णाबाई आत धावल्या आणि दिवाळीचे सगळे डबे घेऊन आल्या! धानावर पेपर अंथरून प्रत्येक भोपळ्यात एकच अनारसा, मग आणखी एकच, मग एकच करंजी, मग एकच मूठ शेव, मग दुसऱ्या हाताला वाईट वाटू नये म्हणून आणखी एक मूठ. टीना डोळे फाडून बघत होती.

"एक में इतना सब?" रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली. "दिमाग तो है इस नई लडकी में." समृद्धीचा चेहरा उजळला, पण टीनानं भोपळा हलवून पुढे जोडलं, "लेकिन चॉकलेट एक भी नहीं. बिना चॉकलेट का हॅलोविन, हॅलोविन नहीं होता."

समृद्धीची टोपी पुन्हा डोळ्यांवर आली. आम्ही पाचही जण पाय ओढत आमच्या फाटकाशी आलो. व्हरांड्यात प्रेमला कमरेवर हात देऊन उभी होती.

"आले का साहेब? हे काय करून ठेवलं?"

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती! डबे, ट्रे, पिशव्या, ताटं, सगळी चॉकलेटनं भरलेली! शैला मॅडमचा ट्रे, राव साहेबांचा डबा, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: "सँपल, क्वार्टर नंबर अमुक." मी फोन काढला. माझ्या मेसेजखाली राव साहेबांनी लिहिलं होतं, "सभी लोग अपनी चॉकलेट जाँच के लिए टेंभेकर साहब के घर जमा करें." प्लांटची माणसं शिस्तीची! आख्ख्या स्ट्रीटनं जमा केली होती.

"दादाजी!" टीना किंचाळली. भोंगा परत आला. "ये आपका प्लान था?"

मी खोकलो. खोकणं म्हणजे हो नाही, पण नाहीही नाही.

"कसला प्लान! यायले सोताचाच मेसेज समजत नाही!" प्रेमलानं एका वाक्यात निकाल लावला. पण पोरं ऐकायला होती कुठे? ती सँपलांवर तुटून पडली होती. अर्ध्या तासात त्यांनी इतकी कसून तपासणी केली, की राव साहेबांनाही जमली नसती. मी ग्रुपवर लिहिलं: "जाँच पूरी. सब सेफ है." चौतीस वर्षांत पहिल्यांदा! खाली धडाधड अंगठे उमटले. शैला मॅडमनी तेवढं दातांबद्दल विचारलं.

जाताना टीना माझ्या खुर्चीसमोर आली आणि चॉकलेट पुढे केलं. "दादाजी, लीजिए."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं. पण त्रेसष्ट वर्षांची सवय! "नहीं बेटा," मी म्हणालो.

"ओके," टीना म्हणाली आणि चॉकलेट घेऊन फाटकाबाहेर गेली.

मग समृद्धी आली. तिच्या हातात गोल, सोनेरी कागदातलं एक चॉकलेट होतं. "आबा, घ्या ना."

म्हणजे दुसऱ्यांदा विचारणं झालं. "नको गं राणी," मी म्हणालो आणि हात हळूच मांडीवरून उचलून ठेवला, तिसऱ्यांदासाठी. माझी नात आहे, तिला नियम माहीत आहे! तिनं हसून तोंड उघडलंही. एवढ्यात रस्त्यावरून आवाज आला:

"समू! ए समू! चल ना, बँटवारा करना है! तेरे बिना शुरू नहीं करेंगे!"

समू! टीना तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारत होती, तीही लाडाच्या! समृद्धीनं माझ्याकडे बघितलं, चॉकलेटकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. आणि उडी मारून पळाली. त्याच फाटकातून, ज्याला ती तीन महिने लटकत होती. चॉकलेट हातातच राहिलं तिच्या.

माझे डोळे भरून आले. आनंदानंच आले. अगदी थोडे चॉकलेटमुळेही आले, खोटं कशाला बोलू?

"काय बसले असे?" प्रेमलानं दारातून विचारलं. "भुकेजले असाल. झुणका-भाकर टाकू का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच विचारण्याला ओरडलो, "हो! टाक! दोन भाकरी टाक!"

प्रेमला तडक आत गेली. मग एक रिकामी वाटी घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिली.

"डाळीचं पीठ संपलं हाय. मनकर्णाबाईकडून वाटीभर मागून आना. आनि हे पाहा, चपला बाहेर काढजा, भिंतीले लावून. बेल एकदाच वाजवजा!"